कमळाकरशेटचा आवाज

"दुसऱ्याच्या तोंडी खोटा शब्द घालणाऱ्याला इतिहास कधीही क्षमा करत नाही!" असं नंदकुमार ओगले यांनी वाशीतल्या आपल्या न्हाणीघरात खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि नळ गेला. इतिहास राहिला बाजूला, डोळ्यांत साबण होता.

"मेले कुठे हे पाणीवाले?" ते ओरडले.

"पाणीवाले नाही, कमळाकरशेट मेले," बाहेरून बायको, सुमेधा, म्हणाली. "शोकसभेला सोसायटीतर्फे तुम्ही बोलायचंय. बादलीतलं घ्या आणि आटपा."

ओगल्यांना तेच नको होतं.

कमळाकरशेट भगत तुर्भ्याच्या बाजूच्या एका गावचे पुढारी. गावांच्या जमिनी घेऊन उठवलेल्या या नव्या वसाहतीला पाण्याचा पाइप त्यांनीच आणला. पाणीखात्याच्या साहेबाच्या दारात गावच्या बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या, मधोमध शेट बसले, आणि पाइप मंजूर होईपर्यंत कुणी उठलं नाही. मग त्याच पाइपाला वाटेत फाटा फोडून तो जावयाच्या बर्फाच्या कारखान्यात नेला, तोही शेटनीच. ओगल्यांच्या नळाला पाणी का येतं आणि करंगळीएवढंच का येतं, या दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच होतं.

ओगले एरवी बँकेतले कारकून, पण सोसायटीच्या गणपतीत नकलाकार. शेटची नक्कल हा त्यांचा हातखंडा. अठ्ठ्याहत्तर साली नकलेच्या ऐन मध्यावर ते पुढचं विसरले आणि शेटच्या आवाजात त्यांनी सुचेल ते ठोकून दिलं: "जमीन गेली तं गेली, धुरला तं आपलाच हाय ना!"

मांडव हसून लोळला. पहिल्या रांगेत बसलेले शेटही मांडीवर थापा मारून हसले.

हे धुरळ्याचं वाक्य मात्र मांडवात थांबलं नाही. ते नाक्यावर गेलं, गावात गेलं, जमिनी गेलेल्यांच्या घरात शिरलं, आणि पुढच्या निवडणुकीत चुन्यानं भिंतीभिंतीवर चढलं. शेट पडले. त्या वर्षीही ते गणपतीला आले, पहिल्या रांगेत बसले, हसले. 'हे मी कधी बोललोच नाही' असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर ओगल्यांना भांडता तरी आलं असतं.

शोकसभा गावच्या देवळासमोर होती. शेटचे जुने विरोधक नामदेव ठाकूर आधी बोलले. "मेलेल्याबद्दल वंगाल बोलू नये," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. "पन कमळाकरच बोललावता ना, जमीन गेली तं गेली, धुरला तं आपलाच हाय? आता तोच धुरला आमी खातंव."

माना हलल्या. कोपऱ्यात शेटची बायको सरस्वतीबाई पदर तोंडाला लावून बसली होती. ओगले उठले. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं.

"ते वाक्य शेटचं नाही," ते म्हणाले. "माझं आहे. मी रचलं."

माना त्यांच्याकडे वळल्या. मग नामदेव समजूत घालत म्हणाले, "ओगलेसायेब, तुमी भला मानूस, मान्य हाय. पन मी माझे कानान आयकलंय."

"कुठं ऐकलंत?"

"तुमचेच गनपतीन!"

"अहो, तो मी होतो!"

"आवाज कोनाचा व्हता?"

"आवाज... शेटचा."

"मंग?" नामदेवांनी सभेकडे पाहिलं, आणि सभेनं निकाल दिला.

पाप कबूल करूनही ते कुणी पदरात घेईना. मग ओगले इरेला पेटले. पाइप सांगितला, फाटाही सांगितला. जावई खाली बघू लागला. हंडेवाल्या बायकांमध्ये बसलेले शेट साहेबाला काय म्हणाले ते सांगताना ओगल्यांचा आवाज नकळत फिरला: "सायेब, आमाला हाकलाल, पन तहान कशी हाकलाल?" हे मात्र शेटचं स्वतःचं होतं. कुणीतरी सवयीनं फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

"माणूस असा होता," ओगले म्हणाले. "त्यानं केलं त्याचा हिशेब त्याच्या नावावर मांडा. मी केलं ते माझ्या नावावर. यापुढे त्यांच्या तोंडी मी एक अक्षर घालणार नाही." आणि ते खाली बसले. अंगातला ताप उतरावा तसं त्यांना वाटलं.

सभा संपल्यावर सरस्वतीबाईंनी त्यांना घरात बोलावलं. आता बोलणी खायची, या तयारीनं ते ओटीवर हात जोडून उभे राहिले. "वहिनी, मला माफ करा. माझ्यामुळे शेट—"

"त्ये ऱ्हाऊं द्या," बाई म्हणाल्या. "त्यांना म्हायती व्हतं. बोलाचे, मानूस हसवतं, पोटातला वायट नाय."

ओगल्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी दार लोटून घेतलं आणि कोपऱ्यातला टेलिफोन त्यांच्यापुढे सरकवला.

"हे गेल्यापासून नलाला थेंब नाय. पंपावर नवीन सायेब आलाय, तो यांना निसता फोनवरचे आवाजान वलखतो, त्याला अजून ठाव नाय हे गेल्याचं." त्यांनी रिसीव्हर उचलून ओगल्यांच्या हातात दिला. "त्यांचे आवाजान जरा सांगा ना, पानी सोड म्हनून. तुमचेकडं बी येल."