बाजेवरच्या सात्या

मित्रांनो, मी बीबी गावातली एक जुनी बाज आहे. माझे बाभळीचे चार पाय गावच्या सुताराने तासले आणि अंबाडीच्या दोराने मला माझ्या धन्याने, शेषरावांनी, स्वतः विणले. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले, हुकूम नागपूरहून येत. माझे जग मात्र शेषरावांच्या घराएवढेच होते. दिवसभर नांगर हाकून ते माझ्यावर पाठ टेकत आणि मला धन्य वाटे.

एका वर्षी शेषराव विहिरीच्या काठावरून पडले. कमरेचे हाड कसेबसे जुळले, पण पायांतले बळ गेले. शेत चुलतभावाला बटईने दिले. शेषराव आता दिवसरात्र माझ्यावर पडून असत. त्यांची बायको सोजराबाई लोकांच्या शेतात निंदायला जाई, पण नवऱ्याला एकटे टाकून जाताना तिचा पाय निघत नसे. घरात राहून करता येईल असा एखादा धंदा ती शोधत होती.

त्याच सुमारास बुलढाण्याला शेतीचे प्रदर्शन भरले. सोजराबाई शेजारच्या कडूबाच्या बैलगाडीतून तिकडे गेली आणि येताना एक बाटली घेऊन आली. बाटलीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे काहीतरी काडीला चिकटलेले होते.

"सात्यांचं बी हाय," ती म्हणाली. "घरात पिकते म्हणे. ओल्या तणसाचे थर द्यायचे, दोन थरांच्या मधात बी टाकायचं अन् सावलीत ठेवायचं."

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी. आमच्याकडे लोक ती आवडीने खातात.

"तणस कुठून आणशीन? आपल्याकडं धान कुठं पिकते?" शेषराव म्हणाले. तणस म्हणजे भाताचा पेंढा.

"कडबा हाय ना आपल्या घरी."

"भुईवर ठेवशीन त वाळवी लागंन." शेषरावांनी माझ्या दोरावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मले खाली उतरव. या बाजेवर कर."

"अन् तुमी?"

"मी घोंगड्यावर. मले आडवंच त पडायचं हाय."

अशी मी माणसाची बाज होते, ती पिकाची बाज झाले. सोजराबाईने कडबा तोडून भिजवला, माझ्यावर त्याचे थर रचले आणि अर्धी बाटली त्यात पेरली. माझा दोर ओलाव्याने फुगला. पण कडब्यावर हिरवी बुरशी चढली, घरभर वास सुटला आणि एकही सात्या उगवली नाही. सोजराबाईने सगळे उकिरड्यावर टाकले, मला घासून धुतले आणि उन्हात उभे केले.  संध्याकाळी शेषरावांनीच विषय काढला.

"मी कापूस घेऊन सरकी काढाच्या जिनात जाओ ना, तवा मागं कापसाचा कचरा सडत पडलेला राहे. त्याच्यावर छत्र्या उगवलेल्या म्या पाह्यल्या हायेत."

दुसऱ्याच दिवशी कडूबाच्या गाडीतून कचऱ्याची पोती आली. सोजराबाईने तो कचरा उकळत्या पाण्यातून काढला, निववला, माझ्यावर रचला आणि उरलेले बी त्यात पेरले. उन्हाळा तापला होता. ती लांबून पाणी आणून माझ्याभोवती टांगलेली गोणपाटे भिजवी. ती विहिरीवर गेली की शेषराव घोंगड्यावरून सरकत येत आणि लोट्याने पाणी शिंपडत. एका सकाळी त्या कचऱ्यावर पांढरे टिपके दिसले. बघता बघता ते चिमणीच्या अंड्याएवढे झाले. शेषराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

पण बाजारात कोणी टोपलीला हात लावीना. उन्हाळ्यात सात्या कशा, हाच सगळ्यांचा प्रश्न. लोक मनकर्णाबाईकडे बोट दाखवत. ही म्हातारी दर पावसाळ्यात रानातून सात्या आणून विकी. तिने हो म्हटलेलीच सात्या गावात शिजत असे.

सोजराबाईने तिला घरी आणले. म्हातारीने एक सात्या उपटली, उलटी केली आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"इच्या बुडाशी वाटी हाय. वाटीवाली सात्या माणूस मारते, बाई. माही माय सांगे. म्या गावाले खा म्हणू काय?"

"रानातलीचं खरं हाय, माय. पण हे म्या पेरलेलं हाय. आमी दोघं रोज खाऊन राह्यलो."

"मंग माह्यासमोर खा."

सोजराबाईने कांदा-तिखट घालून सात्या शिजवल्या. दोघांनी भाकरीबरोबर त्या खाल्ल्या. म्हातारी नुसती बघत बसली आणि उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात हाक आली.

"सोजरा, जिती हायेस ना वो?"

"हाव माय, जिती हाओ."

"अन् शेषराव?"

"भाकर मांगून राह्यले."

म्हातारी आत आली आणि माझ्या शेजारी बसली. "मंग मलेही वाढ," ती म्हणाली.

पुढच्या बाजारी ती सोजराबाईच्या टोपलीपाशी बसली आणि मोठ्याने सांगू लागली, "रानातल्या वाटीवालीले हात लावू नोका! हे सोजराच्या बाजेवरची हाय, म्या खाल्ली!" टोपली रिकामी झाली. पुढे लोणारहूनही माणसे येऊ लागली. सोजराबाई जुन्या ढिगातला जाळ्यासारखा पांढरा भाग बी म्हणून नव्या ढिगात पेरी. परसात ढीग रचायला बांबूचे माळे उभे राहिले. पाणी किती शिंपडायचे ते शेषराव ठरवीत आणि सोजराबाईचे निंदायला जाणे थांबले.

माळे आले आणि मी गोठ्यामागे गेले. मित्रांनो, माझा दोर कामात कुजला, त्याचे मला दुःख नाही. पण आता पाऊस माझ्यावर पडतो आणि वाळवी माझा पाय चाखते, तेव्हा वाईट वाटते. तुमच्या घरी जुनी बाज असेल तर तिला ओलीत टाकू नका. आणि रानात उगवलेले काहीही जाणत्याला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

मला सावलीत न्या, नवा दोर भरा. माझे लाकूड अजून पक्के आहे. आणखी एक ढीग मी सहज पेलीन.