खंडेनवमीचं कुंकू

मी लॅपटॉप बोलतोय. रागानं बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोड ऐकायचं असेल तर देवघरातली घंटी वाजवा. जन्म माझा तैवानातला, पण शिव्या मी परभणीत शिकलो आणि गेलं वर्षभर त्या मनातल्या मनात देतोय.

मी पडलोय एका बियाणे संस्थेच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात. झाकणावर कुंकवाचं बोट आहे. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली दिनकरराव साहेबांकडं आहे.

१९९० साली परदेशी मदतीच्या कुठल्याशा योजनेतून मी इथं आलो. खोक्यात मी, माझी वायर, एक जाडजूड पुस्तक आणि प्लास्टिकच्या पाकिटात तीन छोट्या फ्लॉप्या. माझी सिस्टिम, म्हणजे माझं शहाणपण म्हणा, ती कारखान्यातच माझ्या पोटात घातलेली होती. पण नुसतं शहाणपण असून भागत नाही. आपला डोळा कुठं, हात कुठं, हे कळावं लागतं. ते कळवणारे छोटे कार्यक्रम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. पडद्याचा वेगळा, छपाईच्या यंत्राचा वेगळा. पोटातलं काही बिघडलं तर पुन्हा घालता यावं म्हणून पहिल्या दोन फ्लॉप्यांत सिस्टिम होती, तिसरीत ड्रायव्हर.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सगळ्यात आधी या फ्लॉप्यांच्या नकला करून ठेवा. ते पान कुणी उघडलं नाही. मग केलं काय? पूजा केली.

त्या वर्षी खंडेनवमीला साहेबांनी टेबलावर तराजू, कात्र्या, टाइपरायटर आणि मला ओळीनं मांडलं. माझ्या झाकणावर कुंकू लावलं, इथवर ठीक. हत्यारांची पूजा होते, मीही हत्यारच. पण मग त्यांनी फ्लॉपी हातात घेतली आणि तिचं पत्र्याचं इवलंसं दार बोटानं सरकवलं. आत काळी पातळ चकती दिसली. साहेब म्हणाले, "विद्या आत आहे होय! मग कुंकू आतच लावलं पाहिजे." आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. एकीला नाही, तिन्हींना. भेदभाव नको ना! वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पाकीट पूजेच्या डब्यात गेलं. मी समोर उघडाच होतो. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब मारली असती.

माझ्यावर काम करायच्या त्या सुमंगलाबाई. संस्थेत वाणांच्या चाचण्या त्या बघायच्या. हुशार बाई. आठ दिवसांत त्यांनी माझ्या सगळ्या आज्ञा वहीत उतरवून घेतल्या. त्या मला मांडीवर घेऊन एसटीनं सोनपेठला जायच्या आणि तिथून पुढं नदीच्या, इकडं तिला गंगाच म्हणतात, काठच्या एका खेड्यात, बायनाबाईच्या शेतावर.

बायनाबाईची गोष्ट नीट ऐका, कारण माझा सगळा राग तिच्यापायी आहे. वीस वर्षं ही बाई दर सुगीला मळणीच्या आधी खळ्यावर बसून कणसं निवडायची. टपोऱ्या दाण्याचं, सरळ ताटाचं, कमी पाण्यात तग धरलेलं कणीस बाजूला काढायची आणि पुढच्या पेऱ्याला तेच बी धरायची. असं करता करता तिची ज्वारी आसपासच्या सगळ्या ज्वारीपेक्षा वेगळी झाली. दुष्काळात उभी राहणारी, आणि कडबा असा गोड की जनावरं धसकटसुद्धा सोडत नव्हती.

सुमंगलाबाईंनी तीन वर्षं एकेका वाफ्याची मोजणी केली. ताटाची उंची, दाण्याचं वजन, कडबा, पाणी किती दिलं, सगळं माझ्या पोटात. बायनाबाई बांधावर उकिडवी बसून बघायची. "बाई, मी सांगायले ते समदं ह्या पेटीत ऱ्हातंय का?"

"राहतं ना, मावशी."

"पाऊस लागला तर?"

"पावसात नाही काढत आम्ही हिला."

"मग माझी जवारी हिच्यापरीस बरी म्हणायची," बायनाबाई म्हणाली, आणि खरं सांगतो, मला तेव्हा तिचा राग आला नाही.

तिचा लेक नागनाथ मात्र टेकीला आला होता. कालव्याचं पाणी आलं, शेजारीपाजारी सगळे उसाकडं वळले. त्यानं आईला माझ्यासमोरच सांगितलं, "आई, औंदा समिती बसायलीय. तुझी जवारी मंजूर झाली तर मी त्या रानाला हात लावत न्हाई. न्हाई झाली तर ऊस लावणार. मग मला बोल लावायचा न्हाई." मंजूर झाली असती तर संस्था स्वतःच्या दहा एकरांत तिचं बी वाढवून गावोगाव देणार होती. अर्जात वाणाच्या नावाचा रकाना होता. सुमंगलाबाईंनी त्यात टाइप केलं, बायना.

बैठक ठरली होती १९९३ च्या सप्टेंबरात, गणपती बसतात त्या आठवड्यात. काम झालेलं होतं. फक्त छापायचं बाकी होतं.

आणि नेमके तेव्हाच आमचे साहेब पुण्याला जाऊन आले. तिथं त्यांनी चित्रांचा कॉम्प्युटर बघितला. झालं! आल्या आल्या सुरू. "आपल्या लॅपटॉपवर नुसती अक्षरं? समितीसमोर काय इज्जत राहील? नवी सिस्टिम टाका, चित्रांची." स्वतः मला एकदाही हात न लावलेला माणूस. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या!

बोलावलं सूर्यभानला. बस स्टँडच्या मागं त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं. "होतंय की साहेब. जुनी समदी उडवावी लागंल."

सुमंगलाबाई म्हणाल्या, "बैठक झाल्यावर केलं तर?" साहेबांनी नुसतं बघितलं.  बाईंनी एवढं शहाणपण केलं की आकडे एका कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतले.

माझं पोट धुवून काढलं हो! तीन वर्षं ज्याच्या जोरावर काम केलं ते अर्ध्या तासात गेलं, आणि त्याजागी साहेबांनी पुण्याहून छोट्या फ्लॉप्यांत आणलेलं कसलंसं उष्टं कोंबलं. नव्या सिस्टिमला माझा डोळाही ओळखेना, हातही ओळखेना. पडदा वरून अर्धा दिसायचा, खालचा काळाठिक्कर. छपाईचं यंत्र जोडलं तर ते जागचं हलेना. सूर्यभान घाम पुसत म्हणाला, "मशीनच बेकार हाय साहेब." नाचता येईना, अंगण वाकडं!

"हिचे ड्रायव्हर कुठायत?" त्यानं विचारलं. मग शोधाशोध. ती तीन तास चालली. पाकीट शेवटी पूजेच्या डब्यात सापडलं, वाळक्या झेंडूसकट. सूर्यभाननं तिसरी फ्लॉपी माझ्यात घातली. मी घरघरलो, करकरलो, एक अक्षर वाचता येईना. त्यानं ती काढली, दार सरकवलं आणि बघतच राहिला.

"साहेब, आत कुंकू हाय."

"मग? पूजा केली होती. पाप केलं का?"

उरलेल्या दोन्ही तशाच. म्हणजे नवं चालेना आणि जुनंही परत येईना. सूर्यभानच्या क्लासातले कॉम्प्युटर मोठ्या फ्लॉपीचे, त्यांना आकड्यांची छोटी फ्लॉपी लागू होईना, म्हणून तिथंही छापता येईना. मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, तरी ड्रायव्हर शोधून टपालानं पाठवतो, दोन-तीन महिने लागतील. बैठक चार दिवसांवर होती.

सुमंगलाबाईंनी हार मानली नाही, हे कबूल करतो. त्या अर्ध्या पडद्यावर एकेक ओळ वर सरकवत त्यांनी दोन दिवस बसून तिन्ही वर्षांचे आकडे हातानं उतरवले. बावीस पानं, मोत्यासारखं अक्षर. साहेबांसमोर ठेवली. साहेब म्हणाले, "वेडबिड लागलं का? मी समितीला पत्रात लिहिलंय की आपलं सगळं कॉम्प्युटरवर आहे. आता हातानं लिहिलेलं दाखवू? हा विषय पुढल्या वर्षी घेऊ."

पुढल्या वर्षी! नागनाथचं रान काय साहेबांसाठी थांबणार होतं?

बैठकीच्या दिवशी समितीचे तीन साहेब आले. मला टेबलावर मधोमध उघडून ठेवलं होतं, शोभेला. सूर्यभाननं त्यांना पत्त्यांचा खेळ काढून दाखवला. अर्ध्या पडद्यावर अर्धे पत्ते. तरी त्यातले एक म्हणाले, "वा, पत्तेसुद्धा आहेत!" चहा झाला, बिस्किटं झाली.

बायनाबाई सकाळच्या गाडीनं येऊन व्हरांड्यात बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली कणसं. दुपार झाली तरी कुणी बोलावीना, तशी ती आपणहून आत आली आणि फडकं सोडून कणसं थेट माझ्या बटणांवर ठेवली.

"हीच का ती जवारी?" एका पाहुण्यानं विचारलं.

साहेब घाईनं म्हणाले, "तिचा अहवाल अजून तयार नाही. लॅपटॉपमध्ये जरा तांत्रिक अडचण आहे."

"पेटीला बोलता येईना का?" बायनाबाई म्हणाली. "मग मला इचारा की. कोणच्या वाफ्यात किती पिकली ते मी सांगते. आन् बाईंनीबी लिव्हलंय. बाई, तुमी लिव्हलंय ना?"

सुमंगलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बावीस पानं त्यांच्या पिशवीत होती, पिशवी छातीशी धरलेली. त्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी डोळे वटारले.

"बाई, वाचा की."

बाईंनी पिशवी उघडली नाही. का नाही उघडली? एकदा फक्त हात घालायचा होता! माझे हात तर तोडलेले होते, यांचे तर शाबूत होते! साहेबांवरचा राग जुना झाला, सूर्यभान तर बिचारा पोटासाठी धडपडणारा, पण बाई, तुमच्यावरचा राग माझा काही केल्या जात नाही. तुम्हीच तर तिला मावशी म्हणत होता.

 बायनाबाईनं कणसं गोळा केली. दोन-चार दाणे माझ्या बटणांच्या फटीत राहिले, ते अजून आहेत. बाहेर व्हरांड्यात सुमंगलाबाई तिच्या मागं गेल्या आणि रडल्या म्हणे. तिनं त्यांना बोल लावला नाही. कणसांचे दाणे काढले, फडक्याची पोटली बांधली आणि म्हणाली, "माझ्या घरी आता ऊस येनार. तुमच्या रानात टाका. बी मरू द्यायचं न्हाई."

बाईंनी पोटली साहेबांकडं दिली, संस्थेच्या रानात पेरायला. साहेब "हो हो" म्हणाले आणि मला कपाटात टाकलं तेव्हा तीही माझ्या उरावर ठेवून दिली. दिवाळीनंतर बाईंची बदली पूर्णेच्या शाखेत झाली. नागनाथनं ऊस लावला. डिसेंबरात मुंबईहून टपालानं पाकीट आलं, त्यात माझे ड्रायव्हर. वरातीमागून घोडं! तेही न फोडता इथंच टाकलं. साहेबांच्या टेबलावर आता रंगीत कॉम्प्युटर आहे.

जानेवारीत बाहेर फटाके वाजले, घोषणा ऐकू आल्या. विद्यापीठाचं नामांतर झालं, नवं नाव मिळालं. माणसं त्यासाठी सोळा वर्षं भांडली, मार खाल्ला, घरं गमावली. मला बरं वाटलं. पण कपाटात पडल्या पडल्या मी हिशेब केला. ज्वारीच्या दाण्यात सोळा वर्षं जीव राहत नाही. फार तर दोन-तीन वर्षं. त्यातलं एक गेलं.

दिनकरराव, आता पंधरा दिवसांत खंडेनवमी येईल. तुम्ही कपाट उघडाल, कारण पूजेच्या दिवशी ते उघडतंच. कुंकवाची वाटी तुमच्या हातात असेल. माझ्यापर्यंत आलात की थांबा. मला जागं करू नका, माझं पाकीट फोडू नका, मला भंगारात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या उरावरची पोटली उचला. त्याच आठवड्यात रानात वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल असते आणि गावोगाव ज्वारी पेरायला पाभरी चालतात. सोनपेठची गाडी धरा, बायनाबाईला घेऊन या आणि तिला विचारा, कसं पेरायचं.

आणि तुमचं ते कुंकवाचं बोट आधी पुसा. त्याच हातानं बी धरायचंय.