दमेकरी मालकाची चिलीम

सेवास्तोपोलला बंदुका पुरेनात, तेव्हा आम्हा कुर्स्ककडच्या रशियन भूदासांच्या हातात कुऱ्हाडी दिल्या. समोर फ्रेंचांच्या तोफा. मी डावा पाय तिथेच ठेवून आलो. आपण हरलो. हरल्यावर पीटर्सबर्गला झारला साक्षात्कार झाला की गुलामांच्या जिवावर लढाया जिंकता येत नाहीत. पाच वर्षांनी फर्मान निघालं: सगळे मोकळे. शेत कसणाऱ्याला जमिनीत वाटा. घरगड्याला नुसतं स्वातंत्र्य, तेही आणखी दोन वर्षं चाकरी करून.

लाकडी पायावर मी नांगर धरतच होतो. त्यामुळे जमिनीचे वाटे ठरवायला सरकारी लवाद यादी घेऊन आला तेव्हा मी निवांत होतो.

"सिसोय येवदोकिमोव," त्याने वाचलं. "घरगडी. काम, मालकांची चिलीम पेटवणे."

माझी बायको उस्तिन्या आधी हसली. मग किंचाळली, "अहो साहेब, मालकांना दमा आहे! धूर बघूनच आडवे होतात ते!"

मालक वार्लाम निकितिच छत न्याहाळत राहिले. फर्मानाची कुणकुण त्यांना तीन वर्षं आधीच लागली होती. तेव्हाच्या शिरगणतीच्या कागदात त्यांनी मला शेतातून उचलून बैठकीत नेऊन ठेवलं होतं. शेजारचा नांगऱ्या फोका तर केस विंचरणारा निघाला. मालकांना टक्कल.

"कागदावर आहे ते खरं," लवाद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीत हजर. चिलीम भरली, पेटवली, अदबीने मालकांच्या नाकाखाली धरली. मागे फोका, कंगवा घेऊन.

"बाहेर व्हा, गाढवांनो! राय धान्य पेरायचं राहिलंय!"

"कागदावर नांगर नाही, मालक."

"माजलात! मोकळं कोणी केलं रे तुम्हाला?"

"फ्रेंचांनी, मालक."

आठ दिवस मी इमानेइतबारे चाकरी केली. नवव्या दिवशी मालकांनी खोकत लवादाला बोलावलं. "यांना शेतावर हाकला! जन्मभर माझी जमीन नांगरलीय यांनी!"

लवादाने दौत उघडली. "तसंच लिहू? मग जमिनीत वाटा द्यावा लागेल."

मालकांनी पडीक शेताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरगडीच," ते पुटपुटले.

मी नवी चिलीम भरली. फोकाने टकलावर भांग पाडायला घेतला.

"लिहा!" मालक ओरडले. "शेतकरी लिहा! दोघांनाही!"

लवादाने लिहिलं, मालकांनी सही केली. चिलीम मी लगेच विझवली नाही. संपेपर्यंत त्यांच्या नाकाखाली धरून उभा राहिलो.