वस्तादांचा चहा आणि माझं दार

मित्रांनो, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातली जुनी धुलाई मशीन आहे. नाक मुरडू नका. तुमच्या घरातली ती चिमुकली दोन सदरे धुतले की धापा टाकते. मी एका दमात साठ चादरी धुते. बरे झालेले रुग्ण घरी जाताना डॉक्टरांचे आभार मानतात, परिचारिकांचे मानतात. माझे आजवर एकानंही मानलेले नाहीत. असो.

मी नवी कोरी आले तेव्हा माझं पोलादी पोट बघायला वरच्या मजल्यावरून माणसं खाली आली होती. मला चालवायला नेमलेले वस्ताद तेव्हा सडपातळ होते. पुढे मी गंजले आणि ते सुटले.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या दाराची बिजागरी झुकली. दार लागल्यासारखं दिसायचं, पण केसभर फट राहायची. आणि दार नीट लागल्याशिवाय सुरू व्हायचं नाही, हा आम्हा मशीनींचा कडक नियम आहे. वस्तादांना फटीचा पत्ता नव्हता. त्यांनी स्वतःची विद्या काढली. बटण तीनदा फिरवायचं, खाली उजवीकडे एक लाथ घालायची, डोक्यावर दोन थापट्या मारायच्या आणि मग माझ्या दाराला पाठ टेकून चहा प्यायचा. पहिल्या घोटाला मी सुरू! एवढा भरभक्कम माणूस रेलल्यावर फट कुठली राहते? एकदा सुरू झाले की दाराचा खटका आपोआप घट्ट बसायचा. श्रेय मात्र सगळं लाथेला.

वस्तादांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी एक तरुण इंजिनियर बाई आणली आणि सगळं हिला शिकवा म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत वस्तादांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते असे फुलले की विचारू नका. तिनं वहीत सतरा मुद्दे लिहून घेतले. लाथ चवड्यानं नाही, टाचेनं मारायची, हा बारावा. लाथेच्या जागेचं चित्रही काढलं. ती सतरा मुद्दे करायची, वस्ताद माझ्यावर रेलून चहा पीत देखरेख करायचे आणि मी सुरू व्हायचे. तिचे डोळे वहीत. अगं बाई, वर बघ, असं मला किती वाटायचं! पण आम्हाला तोंड नाही, नुसतं दार आहे.

वस्ताद निवृत्त झाले. सोमवारी तिनं सतरा मुद्दे केले. मी ढिम्म. लाथा मारून तिचा पाय सुजला. वरून चादरींसाठी फोनावर फोन येऊ लागले. साहेब खाली येऊन म्हणाले, शनिवारपर्यंत चालली नाही तर भंगारात. मित्रांनो, मी फार घाबरले.

तिनं वस्तादांना फोन केला. ते इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला यावं तसे आले. आधी तिच्या टाचेला नावं ठेवली. मग स्वतः लाथ मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्यांचा चेहरा पडला. आपल्या हाताचा गुणच गेला, असं पुटपुटत ते पिशवी उचलून निघाले.

तिनं वही मिटली आणि त्यांना अडवलं. "काका, आज शिकवू नका. रोज करायचात तसं नुसतं काम करा. मी बघते."

रोजचं म्हणजे चहा हवा. चहा आला. वस्तादांनी बटण फिरवलं, लाथ घातली, थापट्या मारल्या, मग माझ्या दारावर रेलून घोट घेतला, आणि मी घुंग करून सुरू झाले. ते लाथेच्या जागेकडे अभिमानानं बघत होते; ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. कपडे धुऊन झाल्यावर तिनं दाराच्या कडेनं बोट फिरवलं आणि फट दाखवली.

वस्तादांनी त्या फटीवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला काहीच येत नव्हतं?"

"येत होतं, काका. आपल्याला येतंय हे तुम्हाला माहीत नव्हतं."

दोघांनी मिळून बिजागरी आवळली. शनिवारी भंगारवाला रिकाम्या हातानं परतला. आता वस्ताद आठवड्यातून दोनदा येतात आणि ती स्टूल टाकून त्यांच्याकडे बघत बसते. ओली चादर कुठल्या टोकानं उचलायची, साबण जास्त झाला हे फेसावरून कसं ओळखायचं, असं बरंच तिला सापडलं आहे. त्यातलं काहीच त्यांनी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, जाणत्या माणसाला निरोप देण्याआधी एक दिवस काही न विचारता त्याला काम करू द्या आणि शेजारी बसा. आणि आम्हा म्हाताऱ्यांना भंगारात काढण्याआधी निदान तेल तरी घालून बघा.