भोंगा ते भोंगा

दयारामला स्वतःचं नावसुद्धा धड वाचता येत नव्हतं, पण हिंदी मुलुखातल्या अधारतालच्या त्या गल्लीत मुलांच्या अभ्यासाबद्दल अधिकाराने बोलणारा तेवढा एकच माणूस होता. आणि का बोलू नये? कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की त्याची मनीषा पुस्तक घेऊन बसायची, ती रात्रीच्या भोंग्यालाच उठायची. मधे पाण्याला नाही, दारात डोकावायला नाही. दप्तर ठरलेल्या खिळ्याला, पेन्सिलीला टोक आदल्या दिवशीच. शेजारचा गुणवंत आपल्या कार्ट्याच्या पाठीत धपाटा घालून "त्या मनीषासारखा बस जरा!" म्हणायचा, तेव्हा दयारामच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ही शिस्त त्याने कारखान्यातून आणली होती. तरुणपणी तो लेथ मशीनपाशी उस्तादाच्या बाजूला नुसता बसून राहायचा. कुणी काही शिकवलं नाही. बघता बघता हातालाच कळायला लागलं आणि एक दिवस उस्तादाने त्याला मशीनवर उभं केलं. त्याच्या लेखी विद्या म्हणजे एवढंच, बूड हलवायचं नाही, बाकीचं आपोआप येतं. मनीषा लहान असताना एकदोनदा म्हणाली होती, "बाबा, समजत नाई." "चूपचाप बस. बसल्यानं येते," असं तो म्हणाला होता. पोरगी गुणाची, तिने पुन्हा तोंड उघडलं नाही.

यंदा ती आठवीला होती. परीक्षा बोर्डाची. पास झाली की तिला शिकवून शिक्षिका करायचं, हे त्याने आणि त्याच्या बायकोने, शेवंताने, कधीचं ठरवून ठेवलं होतं. दोघांच्याही घराण्यात शाळेची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. म्हणून तिच्या वर्गाच्या बाई, भानुमती बहनजी, यांचं शाळेत बोलावणं आलं तेव्हा दयाराम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. कौतुक ऐकायला माणूस मळका कसा जाईल?

बहनजी शाळेत नव्या होत्या. बिचाऱ्यांना कसं सांगावं कळेना. "भैया, बुरा मत मानना. लड़की बहुत सीधी है. पर इसे पढ़ना नहीं आता."

"रोज बैठती है, बहनजी," दयाराम हसून म्हणाला. "भोंगे से भोंगे तक."

बहनजींनी मनीषाला बोलावून दुसरीचं पुस्तक पुढे ठेवलं. मनीषा बसली. ताठ पाठ, खाली मान, ओळीवर बोट. दृष्ट लागावी अशी बसली. बोट ओळीच्या टोकाला गेलं, खालच्या ओळीवर आलं, पण तोंडातून एक अक्षर निघालं नाही. हेच बोट तो रोज बघत होता आणि शेवंतालाही दाखवत होता.

"बोर्ड पर का हूबहू उतार लेती है, शोर नहीं करती, तो सब आगे बढ़ाते गए," बहनजी म्हणाल्या. "घर में कोई पढ़ा सकता है?"

"नहीं जी," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याला एवढी लाज वाटली नव्हती.

घरी आल्यावर शेवंताने विचारलं, "काय म्हणे बहनजी?" तो सरळ आत गेला. मनीषाजवळ बसला, तिचं पुस्तक उघडलं, पान उलटलं, पुन्हा मागे आला. दहा माणसांचं ओझं एकट्याने उचललं असतं त्याने पोरीसाठी, पण या पानावर त्याचं काय चालणार?

"कुठून येत नाई तुले?"

"पहिल्यापासून."

"मंग एवढे वर्षं काय करून राहिली होती तू?" त्याचा आवाज चढला, हातही उठला. पण मारायचं कुणाला? हात तसाच खाली आला.

"बसून राहिली होती, बाबा," मनीषा म्हणाली. "तुम्हीच म्हटलं होतं ना, बसल्यानं येते. मी वाट पाहून राहिली होती. मले वाटे, आता येईन."

तिला ऊठ म्हणावं तर उठून करायचं काय, आणि बस म्हणायला आता जीभ रेटेना. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाबांना रडताना पोरीने कधी बघितलं नव्हतं. ती घाबरून गेली. आपलंच कुठेतरी चुकलं असं तिला वाटलं. त्याचा हात धरून ती घाईघाईने म्हणाली, "रडू नका ना, बाबा. उद्यापासून मी अजून जास्त बसत जाईन. जेवायलेही नाई उठणार."