बायोडाटातला रंग

मी केस काढायची लेझर मशीन बोलतेय. कामतघरला रंजिताच्या पार्लरमध्ये, पडद्यामागच्या खुर्चीजवळ उभी असते मी. आज मी जाम भडकलेली आहे. तेव्हा गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका, पण ऐकून जा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्याबरोबर खोक्यात एक जाडजूड पुस्तक होतं. मला कसं चालवायचं ते त्यात सगळं लिहिलंय. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा अजून फाटलेलं नाही. त्याच्यावर चहाचा थर्मास ठेवतात. रंजिता दोन दिवस कुठेसं शिकून आली, सर्टिफिकेटला फ्रेम केली, आणि झाली लेझरवाली ताई.

बाई वाईट नाही हो. शेजारच्या चाळीतल्या पोरींच्या भुवया सणाला फुकट करून देते. पण समोरचा खूश राहावा म्हणून कशालाही मान हलवते.

माझं काम काही जादूचं नाही. मी उजेड सोडते. तो काळा रंग शोधत जातो. केसाच्या मुळातला काळा रंग तापतो आणि मूळ जळतं. पण कातडी सावळी असली तर उजेड तिलाही धरतो. म्हणून सावळ्या कातडीवर जोर कमी ठेवायचा, सावकाश चालवायचं, थंडावा जास्त द्यायचा. त्यासाठी माझ्या पडद्यावर सहा चेहरे दिलेत. पहिला दुधासारखा, सहावा अगदी काळा. खुर्चीतल्या माणसाचा चेहरा दाबायचा, त्याप्रमाणे जोर मी लावते. मला दिसलं तरी जोर माझा मला बदलता येत नाही. तुम्ही दाबाल तेच मला खरं मानावं लागतं.

दोन आठवडे झाले, वडप्याहून पूर्वी नावाची मुलगी आली. चोवीस वर्षांची, छान सावळी पोर, तिथल्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात ड्युटीला. हनुवटीखाली जाड केस यायचे, हार्मोनचे. चार वर्षं ती हसताना हनुवटीवर हात ठेवत होती. आता हळद जवळ आलेली. सोबत आई, पार्वतीकाकी.

"एका टायमात सगलं जातील ना गो?" काकींनी विचारलं.

खरं उत्तर असं होतं: नाही. सगळे केस एकदम वाढीला नसतात, म्हणून महिना-महिना सोडून सहा-आठ वेळा यावं लागतं. हार्मोनचे केस तर नंतरही डोकं वर काढतात. शिवाय आधी कानामागे जरासं करून बघायचं आणि दोन दिवस थांबायचं.

रंजिता म्हणाली, "टेन्शन नका घेऊ काकी, मस्त होईल."

पूर्वीच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, जेल लावलं आणि रंजिताने पाचवा चेहरा दाबला. बरोबर दाबला होता! तेवढ्यात काकी वाकल्या.

"ह्यो काय काला तोंड दाबतेस? माझी पोर अशी हाय?"

"काकी, हे फक्त मशीनसाठी असतं."

"मशीनसाठी का असंना. बायोडाटात आमी गोरी लिवलाय. हितं काली नोंदवलीस आनि पोराकडच्या कुनी बघितला तर?"

"आई, मशीनमध्ये कोण बघायला येतंय? आणि प्रितेश मला बघून गेलाय की!" पूर्वी चष्म्याआडून म्हणाली.

"तू गप ऱ्हा. रंजिता, दुसरा दाब."

नवरदेव प्रितेश आणि त्याच्याकडचे घरी येऊन, पोहे खाऊन, पोरगी समोरासमोर बघून हो म्हणून गेले होते. तरी बायोडाटात गोरी! बरं, तुमचा कागद, तुम्ही काय वाटेल ते लिहा. कागद भाजत नाही. पण माझ्यावर खोटं दाबायचं?

रंजिताने दुसरा दाबला, आणि मला गोऱ्या कातडीचा मोठा जोर लावावा लागला.

जोर बरोबर असला की ताणलेला रबर चटकन बसावा तसं वाटतं आणि लगेच विझतं. पूर्वीच्या हनुवटीवर ते विझलं नाही.

"ताई, भाजतंय."

"दुखतंय म्हणजे मुळाला लागतंय."

"सोस गो जरा. नवरी हायेस ना?"

असा संताप आला मला! कोणी शिकवलं तुम्हाला, जास्त दुखलं म्हणजे जास्त काम झालं म्हणून? माणूस भाजतंय म्हणाला की हात उचलायचा, बस. माझ्या अंगावर थांबवायचं लाल बटण आहे, चांगलं मोठं. ते मला स्वतःला दाबता येत नाही. शेवटपर्यंत ते कोणीच दाबलं नाही.

संध्याकाळी पूर्वीच्या हनुवटीवर फोड आले. ते सुकल्यावर काळे चौकोन उमटले, माझ्या उजेड सोडणाऱ्या तोंडाच्या मापाचे. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याला हळद नाही, ब्लीच नाही, ऊन नाही. डाग जायला चार-सहा महिने.

आणि रंजिताने सगळ्यांना काय सांगितलं? मशीन खराब निघाली. माझ्यावर चादर टाकली.

काल माझ्यावरची चादर निघाली. खराब मशीन आपोआप बरी झाली, कारण नारपोलीच्या मृणालीची अपॉइंटमेंट होती! कॉलेजातली मुलगी, पूर्वीसारखीच सावळी.

पलीकडच्या आरशासमोर तीच भाजलेली पूर्वी बसली होती. आज तिची हळद. डाग झाकायचा मेकअप जमतो का, ते बघायला काकींनी आणलं होतं. विहीणबाईंना कळता कामा नये, एवढंच चाललं होतं काकींचं.

इकडे मृणाली पडद्याकडे बघत म्हणाली, "मी यातली कुठली?"

"तू तर गव्हाळच आहेस गं," म्हणत रंजिताचं बोट तिसऱ्या चेहऱ्याकडे गेलं.

पूर्वी उठली. अर्धा मेकअप झाला होता. तिने ओल्या कापसाने हनुवटी पुसली आणि मृणालीसमोर येऊन उभी राहिली.

"हे बघ. मशीनला काही झालं नव्हतं. माझा रंग खोटा दाबला होता, पाचव्याऐवजी दुसरा. आणि आधी कानामागे करून बघितलंही नव्हतं."

"पूर्वी! हलू बोल. लोकांनी ऐकला तर?"

"ऐकू दे, आई. उद्या सासूबाईंना मीच सांगणार आहे, की हळद हातापायाला लावा, तोंडाला नको."

"लगीन मोडला तर गो?"

पूर्वीने हातातला कापूस टाकून दिला. "मोडायचं असलं तर उद्याच मोडू दे. रोज सकाळी उठून लपवत बसू का मी?"

काकींनी तिच्या हनुवटीवरच्या काळ्या चौकोनांना बोट लावलं. म्हणाल्या, "मीच दाबायला लावला."

मृणालीने खुर्चीतूनच सांगितलं, "ताई, पाचवा दाबा. आणि आज फक्त कानामागे करून बघा."

रंजिताने तसंच केलं. मान वर केली नाही.

आज वडप्याला मांडव घातलाय. पूर्वीने सासूबाईंना सांगितलं का, त्या काय म्हणाल्या, अजून इकडे कोणी बोललेलं नाही. सकाळपासून मी दाराकडे कान लावून आहे. डाग माझ्याच उजेडाचे आहेत, म्हणून राग माझ्यातून जात नाही.

बायांनो, माझ्यासमोर बसाल तेव्हा आपला खरा चेहरा आपल्या बोटाने दाखवा. भाजलं तर ओरडा. मला खोटं सांगून कोणी गोरं होत नाही, नुसतं भाजतं.