पिवळ्या पट्ट्याबाहेर चाळीस फेऱ्या

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, देशाच्या प्रगतीचे चाक आमच्या जोरावर पुढे जाते, हे मी निरनिराळ्या तीन भाषणांत ऐकले आहे आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मी चाळीस वेळा पुढे गेलो आणि चाळीसही वेळा निघालो होतो तिथेच परत आलो. शर्यतीचा मार्ग गोल होता.

माझा जन्म साच्यात झाला. रबर, काजळी, तारा आणि भरपूर वाफ. बाहेर पडलो तेव्हा अंगावर खोल नक्षी होती, आणि रबराचे बारीक बारीक केस होते ज्यांचा कोणालाच उपयोग नसतो. पहिली दोन वर्षे मी कंपनीच्या माणसांना ने-आण करणाऱ्या एका टॅक्सीला होतो. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांच्या फाटकांवर उभे राहायचे, माणसे उचलायची, हिंजवडीत सोडायची, परत यायचे. त्या दोन वर्षांत मी जेवढे गतिरोधक पाहिले तेवढा रस्ता पाहिला नाही. नक्षी अर्धी झाली तेव्हा टॅक्सीवाल्याने मला काढले आणि आकुर्डीच्या भिमाजींच्या टायरच्या दुकानात आणून टाकले.

भिमाजी मूळचे चऱ्होलीचे. घराभोवती इमारती उगवल्या तरी त्यांची बोली तशीच राहिली. त्यांनी मला उलटे केले, अंगठ्याने दाबले, नखाने खरवडले आणि म्हणाले, "ह्यो मऊ हाय अजून. आम्रपालीला फोन लावा."

आम्रपाली हे त्यांच्या दोस्ताच्या मुलीचे नाव. वय सव्वीस. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत ती सहा वर्षे कंत्राटावर होती. काम असे की तयार झालेली गाडी कारखान्याच्या दारातून घ्यायची आणि तीनशे मीटरवरच्या मैदानात नेऊन लावायची. वेगमर्यादा वीस. दिवसाला नव्वद गाड्या. तिच्याइतक्या नव्या गाड्या पुणे जिल्ह्यात कोणी चालवल्या नसतील, आणि त्यातली एकही तिसऱ्या गिअरमध्ये गेली नव्हती.

त्या वर्षी कंपनीच्या फलकावर कागद लागला. कामगारांसाठी शर्यत, साध्या गाड्यांची. शोरूममध्ये मिळते तीच गाडी; फक्त आतल्या सीटा काढायच्या आणि चालकाभोवती लोखंडी पिंजरा बसवायचा. छोटा गोल मार्ग, चाळीस फेऱ्या. आणि खाली मोठ्या अक्षरांत: पहिल्या येणाऱ्यास टेस्ट ड्रायव्हरच्या कायम जागेवर नेमणूक. आम्रपालीने तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचला तो भिमाजींना फोनवर.

आता थोडे माझ्या कामाबद्दल, कारण ते कोणी विचारत नाही. गोल मार्गावर गाडी सतत डावीकडे वळते. डावीकडे वळली की वजन उजवीकडे लोटले जाते आणि ब्रेक मारला की पुढे येते. म्हणजे सगळा भार उजव्या बाजूच्या पुढच्या टायरवर. म्हणजे माझ्यावर. डावीकडचा मागचा टायर त्याच गाडीला होता. चाळीस फेऱ्यांनंतर तो धुऊन ठेवल्यासारखा दिसत होता. फोटोत तोच आला आहे.

शर्यतीच्या सकाळी भिमाजी हवेचे मीटर घेऊन माझ्यापाशी उकिडवे बसले.

"उजवीकडं अठ्ठावीस, डावीकडं बावीस."

"काका, अठ्ठावीस कमी नाही होत?" आम्रपालीने विचारले.

"आत्ता कमी हाय. धा फेऱ्यांत टायर तापला की आपसूक चौतीसला जाईल. आत्ताच चौतीस भरली तर धा फेऱ्यांनी तू फुगलेल्या चेंडूवर बसून वळशील."

"आणि हा चाळीस टिकेल? मध्ये बदलायला थांबले तर एक फेरी गेली."

"टिकवलास तर टिकंल. स्टेअरिंग लवकर वळव, थोडंच वळव. टायर ओरडला म्हणजे रबर चाललं समज."

मित्रांनो, मला या माणसाबद्दल आदर आहे. इथून पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांच्याबद्दल नाही.

मार्ग म्हणजे कंपनीचे जुने मैदान. सिमेंटचे. आतली बाजू ट्रेलर वळून वळून गुळगुळीत झालेली, बाहेरची खडबडीत, वर बारीक खडी. आतून फेरी जवळची, म्हणून सगळ्यांनी आठवडाभर आतूनच सराव केला होता. आम्रपालीनेही. पण शर्यतीला परदेशी पाहुणे येणार होते, आणि चाकणमध्ये पाहुणे येणार म्हटले की रंग मारतात. ही इथली रीत आहे. मशीन गळत असेल तर ते दुरुस्त करायला वेळ लागतो. गळतीभोवती पिवळा चौकोन आखायला दहा मिनिटे लागतात आणि पाहुण्यांना चौकोन आवडतो. तर त्या सकाळी सहा वाजता चार माणसांनी मार्गाच्या आतल्या बाजूला, वळणांसकट, गाडीच्या दीडपट रुंदीचा पट्टा दोन्हीकडून आखला आणि वळणांवर तो आतून भरूनही काढला. पिवळा. तेलरंग.

आम्रपालीने तापवण्यासाठी म्हणून एक फेरी मारली. वळणावर मी त्या पट्ट्यावर गेलो आणि माझ्याखालून जमीन काढून घेतल्यासारखे झाले. ती थेट उद्धवरावांकडे गेली. उद्धवराव म्हणजे कंपनीचे सुरक्षा अधिकारी, आणि शर्यतीचे प्रमुखही तेच.

"सर, वळणावरचा रंग ओला आहे."

"ओला नाही, ताजा आहे."

"गाडी घसरते त्याच्यावर. मी आत्ताच बघून आले."

"मॅडम, हा सेफ्टीचा रंग आहे. सेफ्टीच्या रंगावर कशी घसरेल?"

"बोट लावून बघा ना."

उद्धवरावांनी बोट लावले नाही. शर्ट पांढरा होता. "वाळेल उन्हात," ते म्हणाले. "पाहुणे अकराला पोचतायत. आता काय पुसून काढू म्हणता?"

भिमाजींनी बोट लावले, हुंगले आणि पँटीला पुसले. "सांजपतुर वाळत न्हाई हा," ते म्हणाले. मग ते पट्ट्याबाहेरच्या खडीतून वळणभर चालत गेले, पावले मोजत.

"बाहेरनं फेरी चाळीस पावलं लांब पडंल. पण सिमिट खरबरीत हाय, टायर धरंल. सुरवातीला खडी लागंल, समद्यांच्या मागं राहशील. भिऊ नगं. चार येळा फिरलीस की तुझी वाट तूच झाडलेली असंल."

"आणि पुढचे?"

"ते घसरतील, धरतील, घसरतील, धरतील. अशानं टायर किती टिकंल, तूच सांग."

"पंधरा फेऱ्या."

"मी अठरा म्हणतो. चांगले टायर हायेत त्यांचे."

सात गाड्या सुटल्या. त्याआधी आमची पूजा झाली. हळद-कुंकू, हार, माझ्यासमोर नारळ. ज्यांनी माझ्या वाटेवर तेलरंग ओतला त्यांनीच मला नमस्कार केला. मित्रांनो, राग गिळायची कला टायरला उपजतच असते, कारण दुसरे काही करता येत नाही.

पहिल्या चार फेऱ्या आम्ही सातवे. खडी माझ्या खाचांत अडकत होती आणि चाकाच्या कमानीवर ताशा वाजत होता. पाचव्या फेरीला आवाज थांबला. वाट साफ झाली होती. मी तापलो, हवा चढली, आणि सिमेंटने मला असे धरले की टॅक्सीच्या दोन वर्षांत रस्त्याने कधी धरले नव्हते.

आतल्या बाजूला काय चालले होते ते मला दर वळणाला दिसे. गाडी पिवळ्यावर घसरे, बाहेर फेकली जाई, कोरड्या सिमेंटवर एकदम अडे, चालक तिला पुन्हा आत ओढी. माझ्या जागेवरचे ते सहा उजवे टायर किंचाळत होते. नवे, महागडे, माझ्यापेक्षा दुप्पट नक्षीचे. त्यांची सालपटे निघत होती. सतराव्या फेरीला पहिली गाडी टायर बदलायला आत गेली. मग रांगच लागली आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे निघालो. बदललेला कोरा टायर थंड, त्याच्यावर साच्याचा गुळगुळीत थर अजून तसाच, आणि पहिल्याच वळणावर ताजा पिवळा रंग. मी सविस्तर सांगत नाही. तीन गाड्या कुंपणाला लागल्या. माणसे शाबूत राहिली ती पिंजऱ्यामुळे.

पंचविसाव्या फेरीनंतर माझीही परीक्षा झाली. सहा टायरांच्या झिजेचा चुरा, पिवळ्या ठिपक्यांचा, वाऱ्याने आणि चाकांनी बाहेर लोटला गेला तो थेट आमच्या वाटेवर. मोहरी सांडलेल्या फरशीवर चालून पाहा. आम्रपालीने वेग काढून घेतला. कडेला भिमाजींनी पाटी धरली होती: थंड घे. तीन फेऱ्या तिने मला फक्त फिरू दिले. मागची गाडी पुढे निघून गेली. तिने जाऊ दिली. सव्वीस वर्षांच्या माणसाला हे जमते यावर माझा विश्वास नव्हता.

तेहतिसाव्या फेरीला माझ्या बाहेरच्या कडेची नक्षी संपली. वीस किलोमीटरच्या वेगाने फिरणाऱ्याला हे कळत नाही. ऐंशीने वळणाऱ्याला कळते. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तिने मला जपले असते आणि दुसरी आली असती. दुसऱ्याला जागा नव्हती.

अडतिसाव्या फेरीला पुढची गाडी पिवळ्यावर गेली आणि तिचे नाक उलट्या दिशेला फिरले. आम्ही बाहेरून पुढे निघालो. चाळिसाव्या फेरीला आम्ही पहिले आलो. आम्रपाली उतरली, शिरस्त्राण काढले आणि आधी माझ्यापाशी आली. तळवा ठेवला, चटका बसला तरी उचलला नाही.

"टिकलास रे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतक्या रागाने सांगितली नसती.

उद्धवराव फाइल घेऊन आले. मंडपात पाहुणे चहा पीत होते. उद्धवरावांनी आवाज हळू ठेवला.

"मॅडम, तुमचा निकाल धरता येत नाही. आवारातली सगळी वाहनं पिवळ्या रेषेच्या आत चालली पाहिजेत. तुमच्या चाळीसच्या चाळीस फेऱ्या उल्लंघनं आहेत."

"हा नियम शर्यतीच्या आधी सांगितला होता का सर?"

"तो कायमचाच आहे. शर्यतीसाठी वेगळा कशाला सांगायचा?"

"बाकीचेही बाहेर गेलेच ना?"

"त्यांचीही नोंद आहे. कुणाची अकरा, कुणाची चौदा."

"ते घसरून गेले. मी घसरू नये म्हणून गेले."

"हेतू आम्ही बघत नाही."

"सायेब," भिमाजी म्हणाले, "आत ऱ्हायली असती तर कुंपणात गेली असती पोरगी."

"पण उल्लंघन झालं नसतं," उद्धवराव म्हणाले. ते चिडून बोलत नव्हते. समजावून सांगत होते.

आम्रपालीने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि खिशात टाकले. "सर, सोमवारी माझी सकाळची पहिली शिफ्ट आहे," एवढेच ती म्हणाली. तिची पहिली शिफ्ट अजून चालू आहे. वीसच्या वेगाने.

तीन गाड्या कुंपणाला लागल्या त्याची चौकशीही झाली. कंपनीत एक पद्धत आहे. पाच वेळा 'का' विचारायचे म्हणजे मूळ कारण सापडते. गाड्या का घसरल्या? टायरची पकड सुटली. पकड का सुटली? टायर झिजले होते. का झिजले? नीट तपासले नाहीत. का तपासले नाहीत? जुने टायर चालतील असा समज पसरला होता. तो का पसरला? एक जुना टायर चाळीस फेऱ्या चालला. रंगाचा 'का' कोणी विचारला नाही, कारण विचारणाऱ्यांच्याच खात्याने रंग मारला होता. माझ्यावर लाल चिठ्ठी बांधली गेली: मूळ कारण. मी आता भंगाराच्या जाळीत आहे. जाळीभोवती पिवळा चौकोन आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती. टायरची काळजी घ्या, हवा वेळेवर तपासा, हे तर कोणीही सांगेल. मी सांगतो, वाकून रस्त्याला बोट लावा. शर्ट पांढरा असला तरी लावा. मोठे व्हाल, फाइल हातात येईल, तेव्हा तर नक्की लावा. आणि जी बाई ते लावून तुम्हाला सांगायला येते तिचे ऐका, कारण चुकलेल्याचा हिशेब नेहमी जो खालच्या कोपऱ्यात असतो त्याच्या अंगावरून निघतो.

टेस्ट ड्रायव्हरची जागा भरली गेली. नोंदणी आठ गाड्यांची होती, आणि त्यात एकही उल्लंघन नसलेली गाडी एकच निघाली. ती प्रीतम नावाच्या कामगाराची. त्याला नेमणुकीचे पत्र पाहुण्यांच्या हस्ते मिळाले. चांगला मुलगा आहे, माझे त्याच्याशी काही वाकडे नाही. त्या दिवशी त्याची बॅटरी उतरली होती आणि गाडी शेडमधून बाहेरच आली नव्हती.